रक्तवाहिन्यांचं काम आणि फर्चगॉट यांचं संशोधन: बेळगाव, निपाणी, खानापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. त्या निमित्तानं निपाणी, चिकोडी, खानापूरकडे आरोग्याच्या कार्यक्रमांना जाणं होतं. भाषण संपून चहा आला की खरे प्रश्न सुरू होतात आणि बहुतेकांचा रोख एकच असतो: ब्लॉकेज किती टक्के, स्टेंट घालायचा की बायपास करायची? रक्तवाहिनी स्वतः काय काम करते, हे क्वचितच कुणी विचारतं. ते विचारायला हवं, कारण अँजिओग्राफीत अडथळा दिसायच्या कितीतरी वर्षं आधी वाहिनीचं काम बिघडलेलं असतं. हे आपल्याला कळलं ते मुख्यतः रॉबर्ट फर्चगॉट या शास्त्रज्ञामुळे. म्हणून त्यांच्या संशोधनाची माहिती आणि आपल्या भागातले प्रश्न इथे एकत्र दिले आहेत.

रक्तवाहिनी म्हणजे रक्त नेणारी नळीच ना? तिला आणखी कसलं काम?

नळीची जाडी ठरलेली असते, धमनीची नसते. धमनीच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. तो आवळला की वाहिनी अरुंद होते, सैलावला की रुंद होते. जेवल्यावर आतड्याकडे जास्त रक्त हवं, चढ चढताना मांड्यांकडे हवं; ही वाटणी लहान धमन्या क्षणाक्षणाला करत असतात.

यात एक हिशेब फार महत्त्वाचा आहे. वाहिनीतून किती रक्त जाईल हे तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. एकोणिसाव्या शतकात प्वाझय या फ्रेंच वैद्यानं बारीक काचनळ्यांतून द्रव सोडून हा नियम मांडला. दाब तेवढाच ठेवून त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी कमी केली, तर प्रवाह सुमारे ३४ टक्क्यांनी घटतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. रक्तवाहिन्यांत नियम अगदी तंतोतंत लागू पडत नाही, पण स्नायू थोडासा आवळला तरी बीपी का चढतं, हे यावरून समजतं.

स्नायूच्याही आत, रक्ताला थेट लागून, पेशींचं एक अस्तर असतं. फक्त एका पेशीच्या जाडीचं. त्याला अंतःस्तर किंवा एंडोथेलियम म्हणतात. विसाव्या शतकात बराच काळ ते नुसतं आतलं अस्तर समजलं जाई. पुढची सगळी हकिकत त्या अस्तराची आहे.

फर्चगॉट कोण होते?

अमेरिकेतल्या चार्ल्सटन गावी १९१६ साली जन्मलेले शास्त्रज्ञ. टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, तेच हे साल. मूळचे रसायनशास्त्राचे, पुढे औषधशास्त्राकडे वळले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. १९९८ साली त्यांना लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. २००९ मध्ये ते वारले.

त्यांचा तो प्रसिद्ध प्रयोग नेमका काय होता?

याचं उत्तर मी सविस्तर देते, कारण हा प्रयोग समजला की बाकीचं आपोआप उलगडतं.

सशाच्या महाधमनीची मळसूत्रासारखी पट्टी कापून ती क्षारांच्या कोमट द्रावणात टांगायची, ही पद्धत फर्चगॉट १९५० च्या दशकापासून वापरत होते. द्रावण शरीराइतकं, ३७ अंशांवर ठेवलेलं. त्यात खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेले. पट्टीचं एक टोक खाली बांधलेलं, दुसरं ताण मोजणाऱ्या उपकरणाला. द्रावणात औषधाचा थेंब टाकायचा आणि पट्टी आवळते की सैलावते हे आलेखावर बघायचं.

इथे एक कोडं होतं. अॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य जिवंत प्राण्याच्या शिरेत दिलं की वाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. पण तेच द्रव्य या पट्टीवर टाकलं की पट्टी आवळायची. एकच द्रव्य, एकाच प्रकारचा स्नायू आणि दोन उलट परिणाम. जवळजवळ पंचवीस वर्षं हे असंच चाललं आणि पट्टीचा तो गुणधर्म असावा, असं सगळ्यांनी धरून चाललं.

मे १९७८ मध्ये प्रयोगशाळेतल्या सहायकाच्या हातून पायऱ्यांचा क्रम चुकला. आधी टाकलेलं, आवळणारं औषध धुवून न काढताच त्यानं अॅसिटिलकोलीनच्या जातीचं दुसरं औषध टाकलं. धमनीनं आणखी आवळायच्या ऐवजी सैल सोडलं. तो आलेख ‘प्रयोग बिघडला’ म्हणून बाजूला टाकता आला असता. फर्चगॉट यांनी टाकला नाही. त्या दिवशी पट्टीऐवजी धमनीची आडवी कापलेली कडी वापरली होती, हे त्यांच्या लक्षात आलं. मग फरक कशात? पट्टी कापताना तिची आतली बाजू बोटांना, कागदाला घासली जात होती आणि ते एका पेशीचं अस्तर खरवडून निघत होतं. कडी कापताना ते शाबूत राहत होतं.

हे पडताळायला त्यांनी कड्यांची आतली बाजू मुद्दाम घासली. सैलावणं बंद. उलट पट्ट्या न घासता जपून कापल्या, तर त्याही सैलावू लागल्या. शेवटी त्यांनी अस्तर काढलेली एक पट्टी घेतली, अस्तर शाबूत असलेली दुसरी घेतली आणि दोन्ही आतल्या बाजूंनी एकमेकींना चिकटवून टांगल्या. अॅसिटिलकोलीन टाकल्यावर अस्तर नसलेली पट्टीसुद्धा सैलावली. म्हणजे शेजारणीच्या अस्तरातून काहीतरी पाझरून तिच्या स्नायूपर्यंत पोचत होतं. जॉन झावाड्झ्की या सहकाऱ्यासह त्यांनी हे १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं.

महागडं यंत्र यात एकही नाही. निरीक्षण टाकून न देणं आणि पुढचा प्रश्न अचूक विचारणं, एवढ्यावर हे काम उभं आहे. विद्यार्थ्यांना शिकवताना या दोन चिकटवलेल्या पट्ट्यांपाशी मी दरवेळी थांबते.

अस्तरातून पाझरणारं ते द्रव्य कोणतं निघालं?

नायट्रिक ऑक्साइड. एक वायू. गाडीच्या धुरात असतो तोच. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या एका परिषदेत फर्चगॉट आणि इग्नॅरो या दोघांनी स्वतंत्रपणे तसा तर्क मांडला. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या साल्वादोर माँकादा यांच्या गटानं अस्तराच्या पेशी खरोखर हा वायू सोडतात हे मोजून दाखवलं. एवढा साधा, काही सेकंदांत नाहीसा होणारा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, ही कल्पनाच तेव्हा नवीन होती.

रक्त वाहताना अस्तराला घासतं. प्रवाह वाढला की घर्षण वाढतं, त्या संकेतावर अस्तरातलं विकर (एन्झाइम) आर्जिनीन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. तो वायू बाजूच्या स्नायूत शिरतो, स्नायूतलं कॅल्शियम उतरतं आणि वाहिनी रुंदावते. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) भिंतीला चिकटून गुठळी होऊ नये, हेही तोच वायू पाहतो.

माँकादा यांना नोबेलमध्ये घेतलं नाही यावर तेव्हा बराच वाद झाला. नोबेल जास्तीत जास्त तिघांना विभागून देता येतं. त्यांचं काम त्या तोडीचं होतं असं माझंही मत आहे.

वडिलांना डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली आहे. तिचा याच्याशी काही संबंध आहे का?

थेट आहे. सॉर्बिट्रेट असो की नायट्रोग्लिसरीन, या गोळ्या शरीरात नायट्रिक ऑक्साइडचंच काम करतात. विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ मध्ये छातीच्या कळेवर नायट्रोग्लिसरीन गुणकारी असल्याचं छापलं. पण ते कसं काम करतं हे पुढची जवळपास शंभर वर्षं कुणाला माहीत नव्हतं. १९७७ मध्ये मुराद यांनी त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो हे दाखवलं. आल्फ्रेड नोबेल यांनी याच नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवला होता आणि शेवटच्या आजारात डॉक्टरांनी त्यांना तेच औषध म्हणून सांगितलं होतं.

गोळीनं मुख्यतः शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, त्याच्यावरचा भार उतरतो आणि कळ थांबते. घरच्यांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. गोळी बसून घ्यायची. उभ्यानं घेतली तर बीपी उतरून चक्कर येऊन पडण्याची भीती. डोकं ठणकलं तर घाबरू नका, डोक्यातल्या वाहिन्याही रुंदावतात म्हणून ते होतं. पुरुषांनी लैंगिक ताकदीसाठी घ्यायच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, यांच्यासोबत ही गोळी कधीच नाही, कारण दोन्हींचा परिणाम त्याच मार्गावर होतो आणि रक्तदाब जिवावर बेतण्याइतका कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास. लाजेपोटी हे डॉक्टरांना सांगितलं जात नाही. कृपा करून सांगा.

आम्ही विडी-सिगारेट ओढत नाही, नुसती तंबाखू मळून खातो. त्यानं वाहिन्यांना काय होणार?

निपाणी भागात हा प्रश्न विचारताना लोकांच्या आवाजात थोडी अस्वस्थता असते आणि ती मला समजते. तंबाखूवर इथल्या कित्येक घरांची चूल पेटली, १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन लोक अजून आठवतात, विड्या वळून बायकांनी पोरं शिकवली. पिकाबद्दल किंवा कष्टाबद्दल मला काहीच वाईट बोलायचं नाही. शरीरावर काय होतं तेवढं सांगते.

धुरातले अतिक्रियाशील कण नायट्रिक ऑक्साइडला गाठतात आणि नष्ट करतात. अस्तर तो बनवतं, पण स्नायूपर्यंत पोचायच्या आत तो संपतो. १९९० च्या दशकात सेलरमायर यांच्या गटानं अल्ट्रासाउंड वापरून तरुण, निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या दंडातली धमनी मोजली. ओढणाऱ्यांची धमनी कमी रुंदावत होती आणि जितकं जास्त ओढणं, तितकं रुंदावणं कमी. स्वतः न ओढता दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या तरुणांतही तोच बिघाड दिसला. घरात बसून विडी ओढणाऱ्या आजोबांनी नातवंडांचा विचार करावा तो यासाठी.

खाल्लेल्या तंबाखूत धूर नाही, पण निकोटीन आहेच. गालात ठेवलेल्या चिमटीतून, मशेरीतून ते रक्तात उतरतं, नाडी वाढते, बीपी चढतं, वाहिन्या आवळतात. वर तोंडाचा कॅन्सर आहे तो वेगळाच. तेव्हा ‘नुसती खातो’ यात दिलासा घेण्यासारखं काही नाही. तंबाखू सोडलेल्यांच्या वाहिन्यांचं काम काही अंशी सुधारतं, हे मात्र मी प्रत्येक ठिकाणी सांगते, कारण ‘आता सोडून काय उपयोग’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकू येतं.

रिपोर्टमध्ये ब्लॉकेज चाळीसच टक्के होतं. तरी अॅटॅक कसा आला?

कारण टक्के फक्त जागा सांगतात, भिंतीची तब्येत सांगत नाहीत. अॅटॅक बहुतेक वेळा चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी बसल्यानं येतो, आणि लहान थरही फुटतो. शिवाय अस्तर बिघडलेली वाहिनी उलट वागते. १९८६ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या हृदयधमन्यांत अॅसिटिलकोलीन सोडून पाहिलं गेलं. निरोगी धमन्या रुंदावल्या. चरबी धरलेल्या आकसल्या. फर्चगॉट यांच्या घासलेल्या पट्टीचंच हे जिवंत माणसातलं रूप.

टक्केवारीला अर्थ नाही असं नाही. स्टेंट ठरवायला ती लागतेच. पण चाळीस टक्के म्हटल्यावर ‘सुटलो’ म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करणारे पाहिले की काळजी वाटते.

अस्तराचं काम तपासता येतं का? शहरात तसं पॅकेज आहे म्हणतात.

संशोधनात तपासतात. हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त थांबवतात, मग सोडतात. एकदम सुटलेल्या रक्तानं धमनी किती रुंदावते हे अल्ट्रासाउंडवर मोजतात. बीपीचा पट्टा सोडल्यावर हात लालसर, ऊबदार होतो ना, त्या सगळ्याच्या मुळाशी वाहिन्यांचं हे सैलावणंच असतं. पण मापात मिलिमीटरच्या दशांशांचा खेळ असल्यानं रोजच्या तपासणीत ते धरत नाहीत. तुमच्यासाठी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर पुरे. यासाठी वेगळे पैसे घालवू नका.

बिटाचा रस प्यावा का? नायट्रिक ऑक्साइड वाढवणाऱ्या पावडरी घ्याव्यात का?

बीट, पालक, लाल माठ यांत नायट्रेट असतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. बिटाच्या रसानं रक्तदाब थोडा उतरल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. जंतुनाशक माउथवॉशनं सारख्या चुळा भरल्या तर हे जिवाणू मरतात आणि हा फायदा कमी होतो. बेळगावच्या आसपास इतकी ताजी भाजी पिकते, रोज गोव्याला जाते, ती आपल्या ताटात आधी यावी. मुतखडा असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर पालक-बीट किती खायचं ते डॉक्टरांना विचारा.

पावडरींबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. अॅटॅक येऊन गेलेल्यांना आर्जिनीन देऊन पाहिलेला अमेरिकेतला एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला. वाहिन्यांना फायदा झाला नाही, आर्जिनीन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले आणि न घेणाऱ्यांत एकही नाही, म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

मिठाचंही इथेच सांगते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. भाकरीसोबत खर्डा, लोणचं, पापड असं तिन्ही रोज असेल तर ते गणित कधीच जमत नाही.

ब्लॉकेज विरघळवणारा काढा मिळतो, त्याचं काय?

कॅल्शियम धरलेला थर काढ्यानं विरघळत नाही. आलं-लसूण जेवणात जरूर खा, पण त्यापायी चालू गोळ्या सोडू नका.

आम्ही दिवसभर शेतात राबतो. चालायचा व्यायाम वेगळा कशाला?

प्रश्न रास्त आहे. चालताना वाढलेल्या प्रवाहानं अस्तर घासलं जातं आणि ते जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवायला शिकतं, म्हणून चालण्याचा फायदा. खुरपणी, मळणी यात वाकून, थांबून, जोर लावून काम होतं. सलग चालण्यासारखा सारखा प्रवाह त्यात मिळेलच असं नाही. शिवाय आता रानापर्यंत मोटरसायकल जाते. तिलकवाडीच्या व्हॅक्सीन डेपोत फेऱ्या मारणाऱ्यांना जेवढं चालणं होतं, तेवढं बांधावरूनही सहज होईल.

गरोदरपणात बीपी वाढलं होतं, बाळंतपणानंतर उतरलं. आता काही करायला हवं का?

हा प्रश्न बायका फार हळू आवाजात विचारतात, आणि मला वाटतं तो सर्वांत मोठ्यानं विचारायला हवा. गरोदरपणातलं ते बीपी, त्यातही लघवीतून प्रथिन जाणं, हा आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा आजार आहे. बाळंतपणानंतर तो ओसरतो, पण अशा बाईला पुढे बीपीचा आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वर्षातून एकदा तरी बीपी मोजा आणि डॉक्टरकडे गेलात की न विचारताही हे सांगा. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर कन्नडमध्ये आणि आपण मराठीत, अशा धावपळीत नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते.

यात आपल्या जिल्ह्याचं योगदान आहे, ते फार कमी जणांना ठाऊक असतं. पहिलटकरणींना कमी मात्रेची अॅस्पिरिन देऊन पाहणारा सहा देशांतला अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, सुमारे बारा हजार गरोदर महिलांचा. भारतातल्या दोन केंद्रांपैकी एक बेळगाव होतं, दुसरं नागपूर. रोज ८१ मिलिग्रॅम अॅस्पिरिननं दिवस भरण्याआधीच्या बाळंतपणांचं प्रमाण ११ टक्क्यांनी कमी झालं. अॅस्पिरिन बिंबिकांना चिकटू देत नाही, एवढंच यातलं तत्त्व. अस्तर करतं त्यातलंच एक काम. पण ती गोळी कुणी, कधी घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. शेजारणीला दिली म्हणून आपण घ्यायची नाही.

खानापूरच्या जंगलाकडच्या गावात छातीत कळ आली तर पहिलं काय करायचं?

माणसाला बसवा, चालवू नका. डॉक्टरांनी आधीच दिली असेल तर जिभेखालची गोळी द्या. पाच मिनिटांत कळ उतरली नाही, किंवा घाम सुटला, दम लागला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर १०८ ला फोन करा. पित्त असेल म्हणून सोडा-लिंबूत वेळ घालवू नका. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका. ईसीजी जिथे निघेल त्या सर्वांत जवळच्या दवाखान्यात आधी जा. तिथून पुढे बेळगावला पाठवतील.

माझ्या मुलीला असं संशोधन करायचंय. डॉक्टरच व्हावं लागतं का?

नाही. फर्चगॉट यांची पदवी रसायनशास्त्राची होती, पीएचडी जीवरसायनशास्त्राची. बीएस्सी, बीफार्म किंवा एमबीबीएस, तिन्ही वाटांनी शरीरक्रियाशास्त्रात किंवा औषधशास्त्रात येता येतं. धमनीची कडी टांगायचे प्रयोग आता पदवीच्या विद्यार्थ्यांना संगणकावरच दाखवतात, प्राणी वापरत नाहीत. खरं काम पुढे संशोधन प्रयोगशाळेत करायला मिळतं. बारावीचं रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र तिनं मनापासून करावं, आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत जसं दिसलं तसं लिहायची सवय लावावी, पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नसलं तरी.